साक्षी की परीक्षक? : धर्माभ्यास-परिषदांच्या वृत्तांतांचा विचार

१

परिषदेचा वृत्तांत हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून सहसा गणला जात नाही. परिषदेत वाचलेले निबंध कालांतराने ग्रंथरूपाने प्रसिद्ध होतात, त्यांवर चर्चा होते, त्यांतील काही मते रूढ होतात आणि काही टाकून दिली जातात. वृत्तांत मात्र नियतकालिकाच्या शेवटच्या पानांत पडून राहतो. स्वागत कोणी केले, अध्यक्ष कोण होते, भोजन कोठे झाले, निबंध किती वाचले गेले, एवढी माहिती त्यात आली की त्याचे काम संपले, असा समज आहे. अन्य शास्त्रांच्या परिषदांविषयी हा समज कदाचित खपून जाईल. धर्माच्या अभ्यासाला वाहिलेल्या परिषदांविषयी तो खपणारा नाही.

ह्याचे कारण उघड आहे. वनस्पतिशास्त्राच्या परिषदेत ज्या वनस्पतीचा विचार चालतो ती वनस्पती सभागृहात उठून उभी राहत नाही. धर्मेतिहासाच्या परिषदेत मात्र ज्या श्रद्धेचा विचार चालतो ती श्रद्धा बाळगणारा मनुष्य श्रोत्यांत बसलेला असतो. पुष्कळदा तो स्वतःच व्यासपीठावर असतो. अशा वेळी त्याची भूमिका कोणती, हा प्रश्न उपस्थित होतो. आपल्या धर्माविषयी साक्ष देण्यासाठी तो बोलावला गेला आहे, की इतरांच्या बरोबरीने पुराव्याची परीक्षा करण्यासाठी? आणि ह्यांपैकी एकच भूमिका त्याला घेता येते, असे मानण्यास काही आधार आहे काय? छापील निबंधांत हा प्रश्न दिसत नाही, कारण तेथे प्रत्येकाने आपली भूमिका अगोदरच ठरवून ठेवलेली असते. वृत्तांतात तो दिसतो.

प्रस्तुत निबंधात ह्या दृष्टीने चार परिषदांचा विचार केला आहे : १८८६ ची व्हिएन्ना, १९०० ची पॅरिस, १९०३ ची ॲम्स्टरडॅम आणि १९६० ची मार्बुर्ग. पहिल्या तिन्हींत एकेक भारतीय होता. चौथीत त्याच्याविषयीचा सिद्धांत मांडला गेला आणि फेटाळलाही गेला.

२

१८८६ च्या सप्टेंबरअखेरीस व्हिएन्ना येथे प्राच्यविद्यापंडितांची सातवी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिला उपस्थित होते. बारा वर्षांपूर्वी, १८७४ मध्ये, लंडनच्या परिषदेला ते जाऊ शकले नव्हते. नाशिक येथील शिलालेखांवरील त्यांचा निबंध मात्र तेथे पोचला होता. व्हिएन्नाला मनुष्यही गेला व निबंधही गेला. ‘व्हिएन्ना परिषदेस माझी भेट’ अशा अर्थाचा त्यांचा इंग्रजी वृत्तांत पुढे त्यांच्या संकलित लेखांत समाविष्ट झाला आहे.

व्हिएन्नाच्या विद्यापीठात त्या वेळी गेओर्ग ब्यूलर हे प्राध्यापक होते. ब्यूलरांनी मुंबई इलाख्यात अनेक वर्षे अध्यापन केले होते आणि हस्तलिखितांच्या शोधाचे जे सरकारी काम पुढे भांडारकरांनी चालविले त्यात आरंभी त्यांचाही वाटा होता. त्यामुळे भांडारकर तेथे गेले ते अपरिचित पाहुणे म्हणून नव्हे. एका चालू कामातील सहकारी म्हणून ते गेले. परिषदेच्या आर्य विभागात त्यांनी जो निबंध दिला त्याचा विषय रामानुजीय मत आणि भागवत अथवा पांचरात्र मत हा होता. म्हणजे विषय धर्माचा होता, आणि तोही जिवंत धर्माचा. ज्या संप्रदायांचे अनुयायी त्या दिवशीही दक्षिणेत पूजाअर्चा करीत होते, त्यांच्या सिद्धांतांची ऐतिहासिक पूर्वपीठिका शोधण्याचा तो प्रयत्न होता.

भांडारकर स्वतः श्रद्धावान गृहस्थ होते. मुंबईच्या प्रार्थनासमाजाचे ते एक आधारस्तंभ होते, उपासना चालवीत होते, आणि तुकारामांच्या अभंगांवर त्यांचे विशेष प्रेम होते. तरीही व्हिएन्ना येथे ते भक्तीची साक्ष देण्यास उभे राहिले नाहीत. पांचरात्र ग्रंथ काय सांगतात, रामानुजांनी त्यांतून काय घेतले, ह्याच प्रश्नांपुरते ते बोलले. हे भक्तीविषयी उदासीनतेमुळे झाले, असे म्हणता येत नाही. परतल्यानंतर दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, त्यांनी मुंबईत चिकित्सक, तौलनिक आणि ऐतिहासिक संशोधनपद्धतीवर व्याख्यान दिले. पुरावा तपासताना आपला आणि परका असा भेद करावयाचा नाही, ही त्या व्याख्यानामागील वृत्ती त्यांच्या सर्वच लेखनात आढळते.

परिषदेच्या अनुभवाचे खरे मोजमाप मात्र पुढे होते. १९१३ मध्ये भांडारकरांचा वैष्णव, शैव व इतर लहान संप्रदायांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ब्यूलरांनी ज्या विश्वकोशात्मक ग्रंथमालेची उभारणी केली होती तिच्यातच तो निघाला. १८८६ च्या मर्यादित विषयाचा येथे विस्तार झाला आहे. घोसुंडी, बेसनगर व नाणेघाट येथील शिलालेखांपासून आरंभ करून वासुदेवभक्तीचा प्रवाह रामानुज, मध्व, वल्लभ, चैतन्य ह्यांच्यामधून नामदेव-तुकारामांपर्यंत आणला आहे. बेसनगरचा स्तंभलेख १९०९ मध्ये उजेडात आला, म्हणजे व्हिएन्नाच्या वेळी तो हाती नव्हता. नवा पुरावा मिळताच त्याला योग्य जागा देण्याची तयारी ह्या ग्रंथात दिसते. निबंध परिषदेपुरता लिहिला जात नाही, परिषद हा एका दीर्घ कामातील एक मुक्काम असतो, ही गोष्ट ह्या सत्तावीस वर्षांच्या अंतराने जितकी स्पष्ट होते तितकी कोणत्याही उपदेशाने होणार नाही.

३

१९०० च्या सप्टेंबरात पॅरिस येथे, जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने, धर्मेतिहासाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढे आंतरराष्ट्रीय धर्मेतिहास संघाने चालविलेल्या परिषदांची गणना हिच्यापासून होते. हिला स्वामी विवेकानंद उपस्थित होते. ‘उद्बोधन’ ह्या नियतकालिकासाठी त्यांनी बंगालीत तिचा वृत्तांत लिहिला. सात वर्षांपूर्वी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत त्यांना मिळालेल्या कीर्तीची कथा सर्वश्रुत असल्याने पॅरिसचा हा प्रसंग सहसा झाकला जातो. धर्माभ्यासाच्या विद्यार्थ्याला मात्र तोच अधिक उपयुक्त आहे.

दोन्ही परिषदांतील भेद विवेकानंदांनी आरंभीच अचूक सांगितला आहे. शिकागो येथे प्रत्येक धर्माच्या प्रतिनिधीने आपापल्या धर्माची बाजू मांडावयाची होती. पॅरिस येथे कोणत्याही धर्माच्या सिद्धांताच्या खरेखोटेपणाची चर्चा वर्ज्य होती. निरनिराळ्या धर्मांचा ऐतिहासिक विकास एवढाच विषय होता, आणि म्हणून धर्मप्रचारकांना तेथे स्थान नव्हते. ज्या पुरुषाने शिकागो येथे प्रतिनिधी म्हणून कीर्ती मिळविली, त्याने ह्या बंधनाविषयी तक्रार केलेली नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नियम त्यांनी समजून घेतला आणि त्या नियमाच्या आत राहून वाद केला.

वाद झाला तो गुस्टाव्ह ओपर्ट ह्या जर्मन पंडिताशी. शाळिग्राम व शिवलिंग ह्यांच्या पूजेचे मूळ स्त्री-पुरुषांच्या जननशक्तीच्या प्रतीकांत आहे, असे ओपर्ट ह्यांचे प्रतिपादन होते. विवेकानंदांनी त्यावर धर्मभावना दुखावल्याची भाषा केली नाही. अथर्ववेदातील स्तंभविषयक सूक्ताचा आधार घेऊन, शिवलिंगाची कल्पना यज्ञातील यूपस्तंभातून निघाली असावी, असा प्रतिपक्ष त्यांनी मांडला. शाळिग्रामाचा संबंध त्यांनी बौद्ध स्तूपांकडे नेला. वेदधर्म हा केवळ निसर्गपूजेतून निघाला, ह्या मताचे खंडन करणारा निबंधही त्यांच्याकडून अपेक्षित होता, परंतु प्रकृती ठीक नसल्याने तो त्यांना वाचता आला नाही. आशियातून तेथे तीन जपानी पंडित होते आणि हिंदुस्थानातून ते स्वतः, अशी नोंदही त्यांनी केली आहे. परिषदेत कोण नव्हते हे सांगणारी ही एवढीशी नोंद अनेक पानांच्या स्वागतवर्णनापेक्षा मोलाची आहे.

आता ह्या वृत्तांतातील उणिवा. पहिली ही की, तो तृतीयपुरुषी लिहिलेला आहे. लेखक स्वतःचा उल्लेख नावाने करतो. त्यामुळे निवेदनाला तटस्थतेचा रंग येतो खरा, पण सारा प्रकाश एकाच व्यक्तीवर पडतो. ओपर्ट ह्यांच्या निबंधाचा निष्कर्ष वाचकाला कळतो, त्यामागील पुरावा कळत नाही. श्रोत्यांपैकी पंडितांना कोणते मत पटले हेही वादातील एका पक्षाकडूनच कळते. शिवाय ओपर्ट हे हिंदुस्थान न पाहिलेले पंडित नव्हते. मद्रास येथे त्यांनी सुमारे वीस वर्षे संस्कृतचे अध्यापन केले होते. हे ठाऊक असले म्हणजे वादाचे स्वरूप बदलते. अनभिज्ञ पाश्चात्य आणि जाणता पौर्वात्य असा तो सामना राहत नाही. एकाच पुराव्याचे दोन अर्थ लावणाऱ्या दोन जाणत्यांचा तो वाद ठरतो.

दुसरी उणीव प्रतिपादनातील आहे. लिंगपूजेतील जननेंद्रियविषयक कल्पना ही बौद्ध धर्माच्या ऱ्हासानंतर, तंत्रमार्गाच्या काळात आत शिरली, असा विवेकानंदांचा दावा होता. आंध्र प्रदेशातील गुडीमल्लम येथील शिवलिंग सामान्यतः ख्रिस्तपूर्व शतकांतील मानले जाते, आणि त्याच्या घडणीविषयी संदेहाला जागा नाही. हा पुरावा लक्षात घेता तो दावा टिकत नाही. मात्र एका गोष्टीचा विसर पडू नये. हा दावा चुकीचा ठरला तो पुराव्याने, श्रद्धेने नव्हे. आणि पुराव्याने चुकीचा ठरू शकेल अशा रीतीनेच तो मांडला गेला होता. साक्षीदाराचे म्हणणे फार तर अविश्वसनीय ठरते, चुकीचे ठरण्याचा मान परीक्षकाच्या मताला मिळतो. पॅरिस येथे विवेकानंदांनी तो मान घेतला, हे त्यांच्या तेथील वागणुकीचे वैशिष्ट्य आहे.

येथे भांडारकर आणि विवेकानंद ह्यांची एका मुद्द्यावर तुलना करण्याचा मोह टाळू नये. पॅरिस येथे विवेकानंदांनी कृष्णभक्ती बौद्ध धर्माहून फार प्राचीन असल्याचे प्रतिपादिले आणि भारतीय कला-विद्यांवरील ग्रीक प्रभावाच्या अतिरिक्त कल्पनांचा प्रतिवाद केला. भांडारकरांनी १९१३ च्या ग्रंथात गोकुळातील बालकृष्णाची कथा वासुदेवाच्या मूळ उपासनेहून वेगळी काढली, ती आभीरांनी आणली असावी असे मानले, आणि तिच्यात ख्रिस्तकथेचा अंश मिसळला असण्याची शक्यताही सुचविली. हे शेवटचे अनुमान पुढील अभ्यासकांनी बहुतांशी स्वीकारले नाही. परंतु मुद्दा असा की, एकाच देशातील, जवळपास एकाच काळातील, दोघेही श्रद्धावान असे दोन पुरुष एकाच दैवताविषयी परस्परविरुद्ध निष्कर्षांना पोचले. त्यांपैकी कोणता निष्कर्ष पौर्वात्य म्हणावयाचा? ह्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, ही गोष्ट पुढे मार्बुर्गच्या संदर्भात उपयोगी पडणार आहे.

४

तिसरा अनुभव वेगळ्या जातीचा आहे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे हे १९०१ ते १९०३ ह्या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करीत होते. तो संपवून परतण्यापूर्वी, १९०३ च्या सप्टेंबरात, ॲम्स्टरडॅम येथील उदार धर्मविचारकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला. ही परिषद धर्मेतिहासाची नव्हती. उदार धर्माचा पुरस्कार करणारे, त्यासाठी काम करणारे लोक तेथे जमले होते. शिंदे तेथे प्रार्थनासमाज-ब्राह्मसमाजाच्या परंपरेतील कार्यकर्ते म्हणून बोलले, आणि तसे बोलणे त्या ठिकाणी उचितच होते.

‘माझ्या आठवणी व अनुभव’ ह्या त्यांच्या आत्मचरित्रपर ग्रंथाचे वाचन करणाऱ्याला असे दिसून येईल की, युरोपातील वास्तव्याचा त्यांच्यावर झालेला परिणाम केवळ ज्ञानाचा नव्हता. १९०६ च्या ऑक्टोबरात त्यांनी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळीची स्थापना केली, आणि अस्पृश्यतानिवारणाचे काम हे त्यांचे जीवितकार्य झाले. धर्म म्हणजे उपासना आणि सेवा ही जी दृष्टी त्या कामामागे होती तिचे पोषण ज्या वातावरणात झाले, त्यात ॲम्स्टरडॅमसारख्या परिषदांचा समावेश करावा लागतो. दुसरीकडे, १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ संशोधनाचा आहे. त्यात शब्दांच्या व्युत्पत्ती आहेत, जातींच्या इतिहासाची छाननी आहे, प्राचीन ग्रंथांतील उल्लेखांची तपासणी आहे. कळकळ सर्वत्र आहे, पण कळकळीला पुराव्याच्या जागी बसविलेले नाही.

तात्पर्य, एकाच मनुष्याला दोन निरनिराळ्या सभांत दोन निरनिराळ्या भूमिका घेता येतात, आणि त्यांपैकी एकीने दुसरीचा घात होतोच असे नाही. घात होतो तो सभा कोणती आहे ह्याचा विसर पडल्यामुळे. मार्बुर्ग येथे वाद पेटला तो नेमका ह्याच कारणाने.

५

१९६० च्या सप्टेंबरात जर्मनीतील मार्बुर्ग येथे धर्मेतिहासाची दहावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दोन वर्षांपूर्वीची नववी परिषद जपानात, युरोपबाहेर प्रथमच, भरली होती आणि तिच्यात पूर्व-पश्चिम सामंजस्याचा सूर प्रबळ होता. धर्मांचा इतिहास हा धर्मांच्या ऐक्याकडे नेणारा मार्ग आहे, अशा आशयाचा निबंध फ्रीड्रिख हायलर ह्यांनी तेथे वाचला होता. हेच हायलर मार्बुर्गच्या परिषदेचे यजमान होते. मार्बुर्ग हे रुडॉल्फ ओटो ह्यांचे गाव. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पवित्र’ ह्या विषयावरील ग्रंथात धर्माच्या मुळाशी असलेल्या गूढ, भयचकित करणाऱ्या अनुभूतीचे विवेचन करणारे ओटो ह्याच विद्यापीठात होते. संघाचे अध्यक्ष राफाएले पेत्तात्सोनी ह्यांचे १९५९ च्या डिसेंबरात निधन झालेले असल्याने परिषदेवर त्याची छाया होती.

संघाचे कार्यवाह सी. जे. ब्लेकर ह्यांनी धर्मेतिहासाच्या भावी कार्यावर निबंध वाचला. धर्म हा अखेर एका अतींद्रिय सत्याचा साक्षात्कार आहे, हे ध्यानात ठेवल्याशिवाय धार्मिक घटनांचे मोल कळत नाही, असा त्यातील एका विधानाचा आशय होता. पौर्वात्य अभ्यासकाचा ओढा अंतःप्रतीतीकडे आणि पाश्चात्याचा चिकित्सेकडे, अशी विभागणीही त्या चर्चेच्या मुळाशी होती. ह्यावर जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील आर. जे. झ्वी वेर्ब्लोव्हस्की ह्यांनी एक निवेदन तयार केले. त्यावर मिर्चा एलियाद, जोसेफ किटागावा, आंजेलो ब्रेलिख इत्यादींच्या सह्या होत्या.

त्या निवेदनाचे सार असे सांगता येईल. शास्त्रीय पद्धती पश्चिमेत वाढली असली तरी पौर्वात्य पद्धती व पाश्चात्य पद्धती असा भेद करणे सयुक्तिक नाही. पद्धती चांगल्या असतात किंवा वाईट असतात. धर्माभ्यास ही मानव्यविद्यांची शाखा आहे. दिव्यत्वाची जाणीव ही, ती जेथे आढळते तेथे, मानवी इतिहासातील एक वस्तुस्थिती आहे आणि तिचा अभ्यास इतर मानवी गोष्टींप्रमाणेच झाला पाहिजे. धर्म हा अतींद्रिय सत्याचा साक्षात्कार आहे, हे विधान ह्या शास्त्राचा पाया होऊ शकत नाही. ज्ञानाच्या शोधाला बाहेरच्या समर्थनाची गरज नाही. आणि राष्ट्रीय, सामाजिक वा आध्यात्मिक ध्येयांसाठी अभ्यासकांनी अन्य संस्थांत एकत्र यावे की न यावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे; संघाचे स्वरूप त्याने रंगता कामा नये.

ह्या घटनांचे तीन लेख ‘न्यूमेन’ ह्या संघाच्या नियतकालिकाच्या १९६० च्या खंडात शेजारीशेजारी आले : ब्लेकर ह्यांचा निबंध, वेर्ब्लोव्हस्की ह्यांचा ‘मार्बुर्ग आणि नंतर’ अशा शीर्षकाचा लेख, आणि आनेमारी शिमेल ह्यांचा चर्चेचा सारांश. परिषदेचे वृत्त कसे द्यावे ह्याचा धडा म्हणून हे तिन्ही एकत्र वाचले पाहिजेत. शिमेल ह्यांचा सारांश विशेष उल्लेखनीय होय. त्या मार्बुर्गच्याच परंपरेत वाढलेल्या. धर्मेतिहासातील डॉक्टरेटची पदवी त्यांनी तेथेच १९५१ मध्ये मिळविली होती. सूफी काव्याविषयीची त्यांची आत्मीयता पुढे जगजाहीर झाली. तरी यजमानांच्या परंपरेवर आघात करणारे हे निवेदन त्यांनी आपल्या सारांशात समाविष्ट केले. प्रतिपक्षाला त्याच्याच शब्दांत बोलू देणे हा वृत्तांतलेखकाचा पहिला धर्म त्यांनी पाळला. पॅरिसच्या वृत्तांतात जे उणे आहे ते येथे भरून निघाले आहे.

निवेदनाची परीक्षा करताना मात्र दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. एक तर ओटोंच्या परंपरेला नकार देणाऱ्या ह्या निवेदनाने दिव्यत्वाच्या जाणिवेसाठी जो शब्द योजला आहे तो ओटोंनीच रूढ केलेला आहे. म्हणजे ओटोंच्या कल्पनेला पाया म्हणून नाकारले, पण वस्तुस्थितीच्या यादीत ठेवून घेतले. हा दोष नाही. श्रद्धेचा अनुभव हा अभ्यासाचा विषय आहे, अभ्यासाची पूर्वअट नव्हे, हा भेद त्यामुळे उलट स्पष्ट झाला आहे. दुसरे असे की, चांगल्या आणि वाईट पद्धती ठरवावयाच्या कोणी, ह्याविषयी निवेदन मौन बाळगते. परिषदेच्या भाषा कोणत्या, ती कोठे भरते, प्रवासाचा खर्च कोणाला परवडतो, ह्यांवर परीक्षकांचे मंडळ कोणाचे बनते हे अवलंबून असते. पॅरिसपासून आजवर ह्या मालिकेतील एकही जागतिक परिषद भारतात भरलेली नाही. २००३ मध्ये दिल्लीत भरली ती संघाची प्रादेशिक परिषद होती. पद्धतीला देश नसतो, हे म्हणणे खरे आहे. सभागृहाला मात्र देश असतो, हेही तितकेच खरे आहे. निवेदनाने पहिले सत्य सांगितले आणि दुसरे अनुक्त ठेवले.

तरीसुद्धा भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीने मार्बुर्गचे निवेदन उपकारक आहे, असेच म्हणावे लागेल. पौर्वात्याला अंतःप्रतीती आणि पाश्चात्याला चिकित्सा अशी वाटणी वरकरणी गौरवाची वाटते. वस्तुतः तिच्यामुळे पौर्वात्य अभ्यासक कायमचा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि न्यायासन दुसऱ्याकडे जाते. भांडारकरांनी १८८६ मध्येच ही वाटणी कृतीने अमान्य केली होती. विवेकानंदांनीही पॅरिसच्या सभागृहात ती मानली नाही. ह्या दोघांच्या निष्कर्षांतील विरोध हाच तिच्याविरुद्ध सर्वांत बळकट पुरावा आहे.

६

मराठी धर्माभ्यासाला ह्या सर्वांचे अगत्य का असावे, ह्याचे उत्तर पंढरपुराकडे पाहिले असता मिळते. रा. चिं. ढेरे ह्यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. विठ्ठलाच्या मूळ स्वरूपाचा शोध घेताना त्यांनी गोपजनांच्या, धनगर-गवळ्यांच्या दैवतापर्यंत माग काढला. गुंथर सोंथायमर ह्यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा ह्यांच्यावरील १९७६ च्या जर्मन ग्रंथात धनगरांच्या दैवतांचा जो अभ्यास केला, तोही ह्याच क्षेत्रातील. ढेरे ह्यांचे लेखन भक्तीच्या ओलाव्याने भरलेले आहे. सोंथायमर बाहेरून आलेले. पण दोघांचेही काम वाचताना पद्धती पौर्वात्य की पाश्चात्य हा प्रश्न मनात येत नाही. ओव्या, स्थलपुराणे, शिलालेख, जत्रांतील आचार ह्यांची छाननी नीट झाली आहे की नाही, एवढेच विचारावेसे वाटते. वारकऱ्याची विठ्ठलभक्ती ढेऱ्यांच्या निष्कर्षाने खरी अथवा खोटी ठरत नाही, कारण तो प्रश्नच त्या ग्रंथाच्या कक्षेत येत नाही. ही कक्षा स्पष्ट नसली म्हणजे संशोधकाला भक्तांचा रोष आणि भक्ताला संशोधकाची धास्ती, अशी दुहेरी हानी होते.

आपल्याकडील बहुतेक विद्यापीठांत धर्माभ्यासाचा स्वतंत्र विभाग नाही. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाने १९६७ मध्ये असा विभाग उघडला, तो अपवाद. संस्कृत, पाली, तत्त्वज्ञान, इतिहास, समाजशास्त्र आणि मराठी ह्या विभागांत हा अभ्यास विखुरलेला आहे. त्यामुळे कक्षेचा विचार विद्यार्थ्याला वर्गात शिकविला जाईलच, अशी खात्री नाही. पुष्कळांना तो प्रथम एखाद्या परिषदेतच, कोणी प्रश्न विचारल्यावर, सुचतो. निबंध वाचून झाल्यावर श्रोत्यांतून पृच्छा येते : हे आपण भक्त म्हणून सांगता की अभ्यासक म्हणून? त्या क्षणी जे उत्तर दिले जाते त्यात विद्यार्थ्याची पुढील सर्व पद्धती बीजरूपाने असते.

म्हणून परिषदेहून परतलेल्याने वृत्तांत लिहिणे हे शिष्टाचाराचे काम नसून अभ्यासाचे काम आहे. वर पाहिलेल्या चार अनुभवांवरून चांगल्या वृत्तांताच्या काही कसोट्या निघतात. प्रतिपक्षाचे म्हणणे, निष्कर्षासह आणि पुराव्यासह, त्याच्याच शब्दांत दिले आहे काय? सभागृहात कोण नव्हते, ह्याची नोंद आहे काय? सभा कोणत्या जातीची आहे, ती धर्मासाठी झटणाऱ्यांची की धर्म तपासणाऱ्यांची, हे लेखकाने ओळखले आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परिषदेपूर्वीचे आपले कोणते मत तेथील आक्षेपाने बदलले अथवा अधिक पक्के झाले, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले आहे काय? शेवटच्या कसोटीला उतरणारे वृत्तांत फार थोडे असतात. भांडारकरांच्या बाबतीत ते उत्तर वृत्तांताने न देता सत्तावीस वर्षांनंतरच्या ग्रंथाने दिले.

साक्षी की परीक्षक, हा आरंभीचा प्रश्न अशा रीतीने थोडा बदलून घ्यावा लागतो. श्रद्धावान अभ्यासक दोन्ही असू शकतो. परंतु आपण कोणत्या क्षणी कोणत्या नात्याने बोलत आहोत, हे त्याला स्वतःला ठाऊक असले पाहिजे आणि ऐकणाऱ्यालाही कळले पाहिजे. एवढी शिस्त पाळली गेली, तर परिषदेत त्याला कोठे बसवावयाचे हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाकडे राहणार नाही.